रकाना क्रमांक चौदा

सरकारला हिप-हॉप कळलं ते एका मंगळवारी. सोमवारपर्यंत ती पोरांची थेरं होती. गोदाकाठी चार पोरं गोल करून उभी राहिली आणि एकानं तोंडानं ढुम-चक सुरू केलं, की हवालदार काठी आपटत यायचा. मंगळवारी शासन निर्णय निघाला आणि तीच थेरं 'सांस्कृतिक व सामाजिक परिवर्तनाचे प्रभावी माध्यम' होऊन बसली; निवडक कलावंतांना सरकारी सन्मान आणि ओळखपत्रही मिळणार होतं. हवालदाराला मात्र कुणी कळवलं नाही, म्हणून तो बुधवारीही काठी आपटत आला.

निर्णयाची प्रत ज्योत्स्ना भोयेच्या टेबलावर आणून टाकली ती योगेशनं. योगेश तिच्या गाण्यांना बीट, म्हणजे मागचा ठेका, बनवायचा. आईच्या धान्याच्या खोलीला गाद्या ठोकून त्यानं त्याचा स्टुडिओ केला होता, आणि तांदळाची पोती हलवायला आई आत आली की रेकॉर्डिंग थांबायचं. ज्योत्स्ना गंगापूर रोडवर, एका कॉलेजसमोरच्या 'हर्षाली झेरॉक्स'मध्ये कामाला. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती लोकांचे फॉर्म भरायची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, गॅझेटमध्ये नाव बदलणं, जे म्हणाल ते. सहानंतर ती रॅपर 'एमसी झोळी' व्हायची.

हे नाव तिनं हौसेनं घेतलेलं नव्हतं. पश्चिमेच्या डोंगरात, गुजरातच्या हद्दीला पाठ लावून उंबरदरी नावाचा तिचा पाडा आहे. पाड्याला रस्ता नाही. माणूस आजारी पडलं की दोन बांबूंना घोंगडी बांधून झोळी करायची, त्यात त्याला निजवायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन पाच किलोमीटर डोंगर उतरायचा. खांदा बदलताना पुढचा ओरडतो, "धर खांदा!" मागचे ओरडतात, "धरला!" लहानपणापासून ऐकलेल्या त्या ओरडण्यावर आणि दगडांवरच्या पावलांच्या ठेक्यावर तिनं एक गाणं रचलं होतं:

नकाशात रस्ता, पायात दगड,
बांबूला झोळी, झोळीत धडधड,
यंदा नाय, पुढं होईल, साहेब बोलून गेला,
चार खांदे बदलले, साहेब नाय आला.
धर खांदा! धरला!

गाणं मोबाइलवर बऱ्यापैकी फिरलं. कॉलेजची पोरं जिना उतरताना "धर खांदा" ओरडायला लागली. पाड्यावर मात्र तिच्या बापानं, मंगळूनं, ते शेवटपर्यंत ऐकून एवढंच विचारलं होतं, "गाणं कवा सुरू होनार?"

तर हा सन्मान आपल्याला मिळावा असं ज्योत्स्नाला मनापासून वाटलं. यात लपवण्यासारखं काही नाही. मान्यताप्राप्त कलावंताचं ओळखपत्र बापाच्या हातात ठेवायचं आणि त्याचं तोंड बघायचं, एवढीच तिची इच्छा होती. अर्थात सरकारी कार्यक्रमात गाणं म्हटलं तर ते रस्तेवाल्यांच्या कानावर जाईल, असाही एक भाबडा हिशेब होता.

फॉर्म बघून तिला हसू आलं. भजनी मंडळ आणि तमाशा फडांसाठीचा जुनाच फॉर्म होता, फक्त वरचा मथळा बदललेला. गुरूचे नाव. मंडळाचा नोंदणी क्रमांक. वाद्ये: पेटी, तबला, टाळ, इतर. वेशभूषा पारंपरिक आहे काय? योगेश म्हणाला, "गुरू म्हणून माझ्या आईचं नाव टाक. सगळ्यात जास्त शिव्या तिनंच दिल्यात."

ज्योत्स्नाचा धंद्यातला एक नियम होता आणि तो ती गिऱ्हाइकाला फुकट सांगायची: रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकाम्या रकान्यावर साहेबाचं बोट पडतं. भरलेला रकाना कुणी वाचत नाही. या नियमावर तिनं शेकड्यांनी अर्ज पार केले होते, आणि ज्यांचे अर्ज पार झाले ते तिला पेढे देऊन गेले होते.

रकाना क्रमांक चौदा होता: 'कलेमुळे प्रत्यक्ष घडलेला सामाजिक परिणाम (पुराव्यासह).'

आता परिणाम काय घडला? जिन्यावरची पोरं ओरडतात, हा काही पुरावा होत नाही. तिनं गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला. वाल्मीक भाऊसाहेब मूळचे चांदवडचे. पंधरा दिवसांतून एकदा पायथ्याच्या गावात यायचे, ग्रामपंचायतीचं कुलूप उघडायचे, हवा खेळू द्यायचे आणि पुन्हा लावायचे. वर पाड्यावर ते एकदाच गेले होते, निवडणुकीच्या वेळी, आणि पुढे आठवडाभर गुडघ्याला तेल चोळत होते. पण माणूस देण्यात उदार. दाखला मागितला आणि नाही म्हणाले असं कधी झालं नाही.

"कसला पायजे दाखला?"

"माझ्या गाण्यामुळं काहीतरी फरक पडला असा, भाऊसाहेब."

"अगं, मग त्यात काय! आपल्या गावाचं नाव होतंय म्हटल्यावर चांगला सणसणीतच देतो."

दाखला खरोखरच सणसणीत आला. गोल शिक्का, जावक क्रमांक, खाली लफ्फेदार सही. 'सदर गीतामुळे प्रशासनाचे लक्ष वेधले जाऊन मौजे उंबरदरी येथील रस्त्याचा प्रश्न कायमचा निकाली निघाला आहे.' ज्योत्स्नानं तो वाचला. मनात थोडं टोचलंही. पण रोज असले कागद जोडून तिची बोटं सरावलेली होती. जोडपत्र तेरावं, कोण वाचतंय! तिनं तो स्टेपल केला आणि अर्ज दिला.

निवड समितीसमोर तिला आठ मिनिटं मिळाली. समितीत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, एक बँडवाले होते आणि तिसरे कुणाचे तरी मेहुणे होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, यात चाल कुठं असते? बँडवाल्यांनी विचारलं, वरातीत वाजवता येईल का? मेहुण्यांनी, टोपी उलटी घालणं सक्तीचं आहे का, हे विचारून ते लिहून घेतलं. ज्योत्स्नानं टोपी घातलीच नव्हती. गाणं पूर्ण झाल्यावर तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मुख्याध्यापक म्हणाले, "पाठांतर उत्तम आहे."

तिची निवड झाली. दुकानाच्या मालकानं पेढे वाटले आणि काचेवर तिचा फोटो चिकटवला.

चौथ्या दिवशी मंगळूचा फोन आला. तो कधी फोन करायचा नाही, कारण रेंजसाठी त्याला टेकडीवरच्या सादड्याच्या झाडापर्यंत चढावं लागायचं.

"पोरी, रस्त्याची यादी लागली," तो म्हणाला.

सात वर्षं उंबरदरीचा रस्ता त्या यादीत सरकत सरकत वर येत होता. गेल्या साली दुसरा होता. यंदा पहिला लागणार, पावसाळ्याआधी काम सुरू होणार, असं तालुक्याच्या कचेरीतल्या शिपायानंसुद्धा सांगितलं होतं. तिची वहिनी मीना पोटुशी होती, सहावा महिना. पहिल्या खेपेला तिला झोळीतून उतरवताना अर्ध्या वाटेतच मूल गेलं होतं. ते गाणं त्याच दिवसाचं होतं. या खेपेला कच्ची का होईना, जीप दारापर्यंत येईल, याच आशेवर घर चाललं होतं.

"मग? पहिला ना आपला?"

"नाव नाय आपलं. कुठंच नाय. मी विचारलं, तर म्हनं तुमचा रस्ता झाला. नाशिकवरनं कागद आलाय. गान्यानं झाला म्हनं. पोरी, गान्यानं रस्ता व्हतो का गं?"

फोन ठेवून ती दुकानामागच्या मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. जोडपत्र तेरावं. तिच्या उभ्या हयातीत पहिल्यांदाच सरकारात कुणीतरी जोडपत्र वाचलं होतं, आणि नेमकं तिचं. नुसतं वाचून थांबले नव्हते. 'माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे धाडलं होतं. सात वर्षं जो रस्ता एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नव्हता, तो रद्द व्हायला चार दिवस पुरले. आणि ते तिनं केलं होतं, स्वतःच्या हातानं, स्टेपलर मारून.

तिनं आधी भाऊसाहेबांना गाठलं. दाखला मागं घ्या म्हणाली. भाऊसाहेब दुखावले. "अगं, आधी दिला तो खोटा होता असं होईल ना! मी चांगुलपणानं दिला आणि तू मलाच चौकशीत घालतीस?" त्यानंतर त्यांचा फोन लागेनासा झाला.

मग ती सन्मानाच्या कार्यालयात गेली. तिथले मोतीराम आहेर निवृत्तीला पाच महिने राहिलेले गृहस्थ होते. हे पाच महिने कुठल्याही कागदानं आपल्याला हात लावू नये, एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला.

"साहेब, माझ्या गाण्याचा काही परिणाम झालेला नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"असा न्यूनगंड बाळगू नये ताई. कलावंताला वाटतंच तसं."

"वाटत नाही, खरंच झालेला नाही. रस्ता नाही तिथं. मला तसं लेखी द्या. परिणाम झाला नाही असा दाखला."

आहेर साहेबांनी चष्मा काढून पुसला. "झाल्याचा नमुना आहे आपल्याकडे. न झाल्याचा नमुना नाही."

"मग मला सन्मान नको."

"नको म्हणण्याचीही तरतूद नाही. पत्रिका छापून झाल्यात. पाहुणे यायचेत." त्यांनी खणातून एक चिठ्ठी काढली आणि जरा लाजून पुढे केली. "उलट मी तुम्हाला बोलावणारच होतो. आता रस्ता झालाय म्हटल्यावर शेवटचं कडवं जुनं वाटतं हो. मी थोडा प्रयत्न केलाय."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: झाला रस्ता, आली गाडी, शासनाची किमया गाढी.

"यमक बसलंय ना?" त्यांनी विचारलं.

समारंभ शनिवारी सकाळी अकराला होता. म्हणजे साडेबाराला सुरू झाला. स्टेजवर समई, मागे फलक, फलकावर उलटी टोपी घातलेल्या, कुठल्याशा परदेशी पोराचं चित्र. सनई संपली आणि निवेदिकेनं 'आता ऐकू या एक हिप-हॉप' असं जाहीर केलं. ज्योत्स्ना उभी राहिली. योगेशनं बीट सोडला.

तिनं आहेर साहेबांचं कडवं म्हटलं नाही. जुनंच म्हटलं, शब्दाला शब्द, आणि शेवटी आणखी दोन ओळी घातल्या: रस्ता नाही, आजही नाही, कालही नव्हता, कागदावरून चालून बघा, पाय ठरतो का आता. तिला वाटलं होतं सभागृहात खळबळ होईल. मोठे पाहुणे पहिल्या रांगेत मान डोलवत टाळ्या वाजवत होते, ठेक्यात नव्हे, पण मनापासून. ते कुणाशी तरी फोनवर बोलतही होते. तिला मानपत्र दिलं, शाल घातली, नारळ दिला. भाषणात पाहुणे म्हणाले, "या आमच्या भगिनीच्या एका गाण्यानं दुर्गम पाड्याला रस्ता दिला! आत्ताच आपण तिच्या तोंडून ऐकलं!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिनं समोरासमोर ओरडून सांगितलं होतं आणि परिणाम शून्य. त्या क्षणी ज्योत्स्नाला राग यायला हवा होता, पण डोकं एकदम थंड झालं. ही माणसं गाणं ऐकत नाहीत. पाडाही त्यांना दिसत नाही. त्यांना काय कळतं, हे सात वर्षं फॉर्म भरणाऱ्या मुलीला ठाऊक असायला हवं होतं. पाहुणा येणार म्हटलं की कचेरी जागी होते.

ती माइककडे गेली. हात जोडले.

"साहेब, सगळ्या उंबरदरीची एक इच्छा आहे. त्या रस्त्यावरून पहिली गाडी तुमची यावी. पाड्यावरच्या बाया ओवाळायला थांबल्यात."

समोर सहा कॅमेरे होते. कॅमेऱ्यासमोर नाही म्हणण्याची पाहुण्यांना सवय नव्हती. "उद्याच येतो!" ते गरजले. "रविवार आहे, आपल्याच गाडीनं येतो आणि तुमच्या हातची नागलीची भाकर खातो!"

स्टेजच्या कडेला उभ्या असलेल्या मोतीराम आहेरांच्या हातातलं सत्काराचं ताट खाली पडलं. समारंभात त्या दिवशी ठेक्यात पडलेली तेवढीच एक गोष्ट.

दुपारी चार वाजता ते 'हर्षाली झेरॉक्स'मध्ये आले. घामानं चिंब. शनिवार असल्यामुळे कार्यालय बंद, टायपिस्ट विंचूरला लग्नाला गेलेला, आणि साहेबांना स्वतःला टाइप करता येत नव्हतं. पाहुण्यांच्या गाड्यांचा ताफा उद्या सकाळी आठला निघणार होता. ताफा डोंगराच्या पायथ्याशी जाऊन थांबला असता, पाहुणे खाली उतरले असते आणि त्यांनी विचारलं असतं, रस्ता कुठं आहे?

"मला संध्याकाळच्या आत पत्र पोचवायचंय," ते म्हणाले. "दौरा रद्द व्हायला पाहिजे. काहीतरी कारण लिहा ताई. दरड कोसळली असं लिहा."

"एप्रिलमध्ये?"



ज्योत्स्नानं खुर्ची पुढे ओढली. "दरड लिहिली तर ते पुढच्या रविवारी येतील. त्याच्या पुढच्या रविवारी येतील. तुमचे पाच महिने राहिलेत ना साहेब?"

"मग काय करू?"

"खरं लिहायचं. दाखल्यात चूक झाली. गाण्यामुळं काही झालं नाही. सन्मान रद्द. म्हणजे चूक ग्रामसेवकाची आणि माझी, तुमच्याकडे काही राहत नाही."

आहेर साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "सन्मान रद्द? तुम्हाला चालेल?"

"तुम्ही सांगा, मी टाइप करते," ती म्हणाली.

पण सांगायला साहेबांना काही सुचेना, म्हणून तिनंच लिहिलं. सरकारी मराठी तिला पाठ होती. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयास अनुसरून. 'सदर गीताचा कोणत्याही प्रकारचा सामाजिक परिणाम झाल्याचे आढळून येत नाही. मौजे उंबरदरी या पाड्यास आजतागायत रस्ता नाही. रुग्णांना व गरोदर स्त्रियांना झोळीतून पाच किलोमीटर खाली आणावे लागते. तरी रस्त्याबाबतचा पूर्वीचा अहवाल रद्द समजण्यात यावा व सन्मान काढून घेण्यात येत आहे.' प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: तालुका, जिल्हा, बांधकाम. एकही रकाना रिकामा ठेवला नाही.

साहेबांनी घाईत वाचलं. 'झोळीतून' या शब्दावर बोट थांबलं. "हे लागतंय का इथं?"

"नाहीतर पुरावा काय?"

त्यांनी सही केली. शिक्का खिशातच होता. त्यांनी प्रिंटचे पैसे विचारले, तिनं घेतले नाहीत. सहाच्या आत पत्र जिथं पोचायचं तिथं पोचलं. पाहुण्यांची रविवारची सकाळ मोकळी झाली आणि त्या सकाळी त्यांनी दुसरीकडे कशाचं तरी उद्घाटन केलं. मालकानं काचेवरचा ज्योत्स्नाचा फोटो काढला आणि खालचा गोंद तिलाच घासायला सांगितला. शाल आणि मानपत्र घ्यायला कार्यालयाचा माणूस आला. नारळ फोडून खाल्ला होता, त्याबद्दल तिच्याकडून लेखी घेतलं.

रस्त्याचं म्हणाल तर सोमवारी ज्योत्स्ना ते पत्र घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली आणि पोच घेऊनच हलली. यादीत उंबरदरीचं नाव पुन्हा चढलं. पहिलं नाही. आता ते नवीन प्रकरण झालं होतं, म्हणून शेवटचं. सात वर्षं पुन्हा पहिल्यापासून. तिनं वाद घालून बघितला, मग कारकुनानं जेवणाची सुट्टी जाहीर केली.

जुलैत मीनाला कळा लागल्या. ज्योत्स्ना आधीच रजा टाकून पाड्यावर येऊन राहिली होती. सकाळची वेळ, वाट चिखलानं निसरडी. बांबू आले, घोंगडी आली. बायकांनी खांदा द्यायची पाड्यावर रीत नाही. पण खांद्याला माणसं तीनच होती, बाकीची लावणीला दूर गेलेली. मंगळू इकडे तिकडे बघत राहिला. ज्योत्स्नानं ओढणी कमरेला बांधली आणि बांबूच्या मागच्या टोकाखाली शिरली. पाच किलोमीटर ती "धर खांदा" ओरडत उतरली, आणि आपल्या गाण्याची चाल फार सोपी करून ठेवली होती हे तिला पावलापावलाला कळत गेलं.

मीनाला मुलगी झाली. दोघी धडधाकट. ग्रामीण रुग्णालयाच्या ओट्यावर मंगळू पोरीशेजारी येऊन टेकला. तिचा खांदा सुजून लाल झाला होता. मंगळूनं त्या खांद्याकडे बघितलं.

"तो सरकारचा कागद हाय का जवळ?" त्यानं विचारलं. "वाच."

तिनं पिशवीतून लॅमिनेट केलेलं पत्र काढलं आणि वाचलं. सगळं, विषयापासून शिक्क्यापर्यंत. मंगळूनं हे मात्र शेवटपर्यंत मान हलवत ऐकलं.

"रस्ता नाय, झोळीतून आनत्यात," तो म्हणाला. "सगळं खरं हाय की! सरकारनं इतकं खरं लिवलं?"

"नाय बा," ज्योत्स्ना म्हणाली. "लिवलं मी. सरकारनं नुसती सही केली."